सोलापुरातून तांदळाच्या एक्सपोर्टमध्ये यायचंय? आधी दाणा ओळखायला शिका

ओळखीतली बरीच पोरं विचारतात, बीकॉम झालंय, एक्सपोर्टचा कोर्स करू का, तांदळात स्कोप आहे का. स्कोप आहेच, जगात सगळ्यात जास्त तांदूळ भारतच पाठवतो, एकूण व्यापाराच्या साधारण ४० टक्के. पण कोर्सच्या आधी करायची एक गोष्ट आहे आणि ती आपल्या गावात फुकट शिकता येते, म्हणून हे लिहितोय.

आपलं सोलापूर ज्वारीचं. घरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, भात शेवटी दोन घास, त्यामुळं तांदूळ म्हणजे जाड नाहीतर बारीक एवढीच माझी अक्कल होती. टीवायला असताना मामांच्या मार्केट यार्डातल्या दुकानात बसायला लागलो तेव्हा कळलं की आपण किती मोक्याच्या जागी आहोत. गंगावतीकडची सोना मसुरी, तेलंगणातला बीपीटी, विदर्भातला एचएमटी आणि कोलम, मावळातला इंद्रायणी, सगळं एका फेरीत हाताखालून जातं.

मामांनी पहिले चार महिने मला वहीला हात लावू दिला नाही. रोज सकाळी काळ्या ट्रेमध्ये शंभर ग्रॅम तांदूळ ओतायचा आणि चिमट्यानं निवडत बसायचं. पाऊण दाण्यापेक्षा तोकडा असेल तो कणीत, खडूसारखा पांढरा वेगळा, पिवळा पडलेला वेगळा, डाग लागलेला वेगळा. मग कणी काट्यावर ठेवायची, पाच ग्रॅम भरली की पाच टक्के. एक दाणा दाताखाली धरायचा, नीट वाळलेला असला तर कट्ट करून तुटतो, ओल असली तर दबतो. मी पोत्यावरचा छाप वाचायला लागलो की मामा ओरडायचे, "दाण्याकडं बघ की बे, छाप कुणीबी मारतंय." डोळे दुखायचे, मान अवघडायची, पण पुढं परदेशातल्या खरेदीदाराच्या करारात 'कणी ५ टक्के, ओलावा कमाल १४ टक्के' वाचलं तेव्हा तो ट्रेच डोळ्यांसमोर आला. करारात नावापेक्षा हे आकडेच जास्त बोलतात.

आणि एचएमटी म्हणताना दादाजी खोब्रागडेंची आठवण ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचा हा छोटा शेतकरी, १९८३ च्या सुमारास स्वतःच्या शेतातल्या काही वेगळ्या लोंब्या त्यांच्या नजरेला पडल्या, त्या जपून त्यांनी वाण तयार केलं, नाव घड्याळावरून पडलं. २०१८ मध्ये ते गेले. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, कारण सगळं त्या नजरेतून सुरू झालं.

नंतर मी वाशीला एका एक्सपोर्टरकडं डॉक्युमेंटेशनला लागलो. तिथं वाणांचं दुसरं जग. बासमती हे नाव कुठल्याही लांब तांदळाला लावता येत नाही, त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि तो हिमालयाच्या पायथ्याच्या ठराविक भागातलाच लागतो. आखाती देशांत ११२१ या बासमती वाणाला मागणी, शिजला की दाणा लांबलचक होतो. पश्चिम आफ्रिकेत बेनिनसारख्या देशात उकडा तांदूळ जातो. आणि जी कणी आपण इडलीला नाहीतर कोंबड्यांना टाकतो, तीच सेनेगलमध्ये लोक आवडीनं खातात, त्यांच्या रोजच्या जेवणाचा तो तांदूळ आहे. माल वाईट-चांगला असं काही नसतं, कुणाला काय लागतं ते ओळखायचं असतं.

माझी एक चूक सांगतो. एलसीमध्ये, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेनं दिलेल्या पैशांच्या हमीपत्रात, 'पारबॉईल्ड राइस' होतं, मी इन्व्हॉइसवर सवयीनं 'सेला' टाईप केलं. बाजारात दोन्ही एकच, उकडा तांदूळ, पण बँक तांदूळ बघत नाही, कागद बघते. डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांत तफावत, निघाली, तोवर भाव उतरला होता, मग खरेदीदारानं सवलत मागितली आणि मालकांना ती द्यावी लागली. त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून एलसीतला शब्द मी अक्षर न अक्षर जुळवतो, स्पेलिंग चुकलेलं असलं तरी आधी विचारतो.

आणि सरकारी अधिसूचना वाचायची सवय लावाच. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. उकड्यावर नव्हती, म्हणजे एकाच वाणाचा कच्चा अडकला आणि उकडलेला सुटला. ऑफिसात आम्ही एकेक कंटेनर घेऊन बसलो, माल कस्टम्सकडं कधी सोपवला, शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा अर्ज) कधी भरलं, जहाज लागलं होतं का, कारण त्या तारखांवरच सगळं ठरणार होतं. ऑगस्टमध्ये उकड्यावर २० टक्के शुल्क बसलं. बंदी उठली थेट सप्टेंबर २०२४ मध्ये, तीही सुरुवातीला टनाला ४९० डॉलरच्या किमान भावाची अट घालून. भाव फिक्स करताना असल्या बदलाचं काय करायचं हे करारात लिहिलेलं नसेल तर छोटा माणूस एका झटक्यात बसतो.

बाकी कागद अवघड नाहीत. डीजीएफटी या सरकारी विदेश व्यापार खात्याचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, ऑनलाईन निघतो, फी ५०० रुपये, मग अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, आणि प्रत्येक मालाबरोबर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला), धुरी दिल्याचा दाखला वगैरे लागतं, ते सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारा एजंट, समजावून सांगतो. युरोपला पाठवायचा असेल तर औषधांच्या अंशाची तपासणी आधी करून घ्या, ट्रायसायक्लाझोल या भातावरच्या बुरशीनाशकाची मर्यादा तिथं किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे शेतात काय फवारलंय ते गिरणीत येण्याआधी माहीत पाहिजे.

स्वतःचा माल लगेच पाठवायला जाऊ नका. वीस फुटी कंटेनरमध्ये २५ टनांच्या आसपास तांदूळ बसतो, तेवढे पैसे उधारीवर अनोळखी माणसाकडं अडकले की घर हलतं. आधी दोन वर्षं कुणाकडं तरी नोकरी करा. आणि त्याच्याही आधी यार्डात जाऊन पाच दुकानांतून शंभर-शंभर ग्रॅम सोना मसुरी आणा, पुड्यांवर फक्त नंबर टाका, घरी काळ्या ताटात निवडून कणी मोजा, मग प्रत्येकाचा भाव विचारायला परत जा.