सी६ वरचे प्यादे: एका जिंकलेल्या डावाचा अनुभव

बुद्धिबळाच्या रेटिंग स्पर्धांच्या पहिल्या दोन वर्षांत मी प्रत्येक ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या क्रमाच्या) पंधरा-पंधरा चाली पाठ करून जात असे, आणि प्रतिस्पर्ध्याने सहाव्याच चालीला वेगळी वाट धरली की पटाकडे नुसता बघत बसत असे. ही सवय मोडणारा डाव ९० मिनिटे आणि प्रत्येक चालीला ३० सेकंदांची भर, अशा वेळेचा होता.

मी डी४ने, म्हणजे वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून सुरुवात केली (घराच्या नावातले अक्षर पटाचा उभा रकाना सांगते, आकडा आडवी ओळ) आणि काळ्याने क्वीन्स गॅम्बिट, म्हणजे मी सी४ वर देऊ केलेले प्यादे, न मारता नाकारला. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतले ३४ पैकी ३२ डाव याच बचावाचे होते. इतक्या अफाट सिद्धांताच्या नादी न लागता नवख्याने त्यातली एकच रचना नीट समजून घ्यावी, असे माझे मत आहे. चौथ्या चालीला डी५ वर प्याद्यांची मारामारी होऊन काळ्याने पुढे सी६ खेळले, की प्याद्यांची ‘कार्ल्सबाड’ नावाची रचना तयार होते. तिच्यात वजिराच्या बाजूला (पटाच्या ए ते डी रकान्यांच्या अर्ध्या भागात) पांढऱ्याची दोन प्यादी काळ्याच्या तिघांवर चालून जातात. बी५ वरून सी६ वर मारले, की तिथे दुसऱ्या प्याद्याचा आधार नसलेले एक प्यादे कायमचे उरते. हाच मायनॉरिटी अटॅक, म्हणजे कमी प्याद्यांनी जास्त प्याद्यांवर केलेला हल्ला.

आधीच्या एका स्पर्धेत मी हे घाईने केले होते. बी४ खेळताच काळ्याने बी५ने वाट अडवली, त्याचा डी७चा घोडा बी६ मार्गे सी४ वर येऊन बसला आणि सी६चे प्यादे त्याच्या आड सुखरूप राहिले. तो डाव मी हरलो. या वेळी हत्ती बी१ वर आणून मी थांबलो आणि त्याचा घोडा राजाच्या मदतीला एफ८ वर गेल्यावरच बी४ खेळलो, कारण आता सी४ गाठायला त्याला तीन चाली लागणार होत्या.

बाविसाव्या चालीला त्याने बरोबरी देऊ केली. घड्याळात माझी ३१ मिनिटे उरली होती आणि मोह झाला, हे नाकारत नाही. पण त्याचे दोन्ही हत्ती सी६ वरच्या त्या एका प्याद्याच्या रक्षणाला जखडलेले दिसत होते, म्हणून प्रस्ताव चालपत्रिकेवर नोंदवून मी घोडा ए४ वर, तिथून सी५ वर नेला. सदतिसाव्या चालीला सी६ पडले, काही चालींनी डी५ही गेले, आणि त्याने हात पुढे केला.

नंतर पट पुन्हा मांडल्यावर त्याने पहिल्यांदा बोट ठेवले ते एफ८च्या घोड्यावर.