लिनक्सवर 'परमिशन डिनाइड' दिसलं की ७७७ मारताय? या चुका टाळा

रात्री साडेअकराला फोन. "दादा, सर्व्हरवर लॉगिनच होत नाहीये. लॉगिनची की तीच, युजर तोच."
"आज काय बदललंस?"
"काहीच नाही." मग जरा थांबून, "एक फाइल अपलोड होत नव्हती, म्हणून होम फोल्डरला ७७७ दिलं. तेवढंच."

तेवढंच! तीन आकडे अनुक्रमे मालक, ग्रुप आणि बाकीच्यांचे; ७७७ म्हणजे मशीनवरच्या कुठल्याही युजरला तिथे लिहायची मुभा. मग कोणीही तुमच्या फोल्डरात आपली की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली, सरकवू शकतो. म्हणून एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) सर्व्हर होम फोल्डर, त्यातलं डॉट एसएसएच फोल्डर आणि ऑथराइज्ड कीज ही मंजूर कींची फाइल, तिन्ही तपासतो. मालकाखेरीज कोणाला लिहिता येत असेल तर की सरळ नाकारतो. तुम्हाला मात्र नुसतं 'परमिशन डिनाइड' दिसतं, आणि माणूस बिचारा नवी की बनवत बसतो. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं: उबुंटू आणि जुन्या डेबियनवर ऑथ लॉग, रेड हॅटच्या घराण्यात सिक्युअर नावाची फाइल, डेबियन १२ पासून जर्नलसीटीएल ही कमांड. तिथे 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' अशी ओळ सापडली की शोध संपला. होमला ७५०, डॉट एसएसएचला ७००, कीजच्या फाइलला ६०० द्या. फाइल सुडो (सर्वाधिकार घेऊन कमांड चालवण्याची सोय) लावून बनवली असेल तर मालक रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, झालेला असतो. सीएचओन करून ती युजरच्या नावावर करा. स्ट्रिक्टमोड्स, म्हणजे ही तपासणीच, बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कडी तुटली म्हणून कोणी दारच काढून ठेवत नाही.

त्या पोराचं नशीब, जुनी खिडकी उघडी होती. चालू सेशनला या परमिशन पुन्हा तपासल्या जात नाहीत, त्यामुळे तिथूनच सगळं जागेवर आणता आलं. परमिशन किंवा एसएसएचची सेटिंग बदलताना एक सेशन उघडं ठेवायचं, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघायचं आणि मगच पहिलं बंद करायचं.

दुसरी चूक फाइलकडेच टक लावून बघण्याची. फाइलला ६४४ आहे, तरी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही', दाखवतो. अडथळा बहुतेक वेळा वर कुठेतरी असतो. फाइलपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्स, म्हणजे आत शिरण्याची परवानगी, लागतो; एका जरी फोल्डरवर नसला तरी वाट बंद. एलएस एकेका फोल्डरवर चालवत बसण्यापेक्षा नेमआय ही कमांड एल पर्याय लावून पूर्ण पाथवर चालवा. मुळापासून फाइलपर्यंतच्या परमिशन एकाखाली एक दिसतात. उबुंटूत २१.०४ पासून नव्या युजरचं होम ७५० असतं, त्यामुळे होममध्ये ठेवलेली वेबसाइट सहसा इथेच अडते. साइट व्हारखालच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरात हलवा. आपल्या घरातून सार्वजनिक रस्ता कशाला काढायचा?

ग्रुपची गंमत त्याहून महाग पडते. युजरमॉड या युजरची नोंद बदलणाऱ्या कमांडला कॅपिटल जी देताना सोबतचा स्मॉल ए विसरला, की नवा ग्रुप मिळतो आणि आधीचे जादा ग्रुप सगळे जातात. त्यात सुडो ग्रुपही गेला तर रूटचा पासवर्ड किंवा रिकव्हरी मोड शोधत फिरा. ए लावूनही परमिशन मिळत नसेल तर लॉगआउट करून परत या. चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही. आयडी ही कमांड नुसती चालवली की या सेशनचे ग्रुप दिसतात, पुढे युजरचं नाव दिलं की नोंदीतले. दोन याद्या जुळत नसतील तर तेच कारण.

डेस्कटॉपवर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा परत परत येत असेल, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा. आधी डीएफ चालवून डिस्क भरलीय का ते बघा, मग होममधल्या डॉट एक्सऑथॉरिटी या ग्राफिकल लॉगिनच्या फाइलचा मालक. सुडो लावून ग्राफिकल प्रोग्राम चालवण्याची सवय असेल तर ती फाइल रूटच्या नावावर झालेली सापडू शकते.

आणि कोणी काम सोडून गेलं म्हणून पासडब्ल्यूडीच्या एल पर्यायाने खातं कुलूपबंद केलं असेल, तर त्याची एसएसएच की अजून चालू असू शकते. युजरमॉडने खात्याची मुदतही संपवा.