बायसल्फाइटनंतर पीसीआर कोरा? आधी मास्टर मिक्सचं लेबल वाचा

डीएनएमटी१ हा एन्झाइम डीएनएच्या जुन्या धाग्यावरची, सायटोसिन (‘सी’) या बेसवर बसणारी मिथाइलची खूण नव्या धाग्यावर उतरवतो, टेट एन्झाइम ती ऑक्सिडाइझ करतो, मग टीडीजी हा दुरुस्तीचा एन्झाइम तो बेसच कापून काढतो. हे तुम्हाला पाठ असेलच. म्हणजे खूण पुसण्याचं शेवटचं काम दुरुस्तीच्या एन्झाइमांकडेच असतं. पण हीच जमात तुमचा नमुनाही खाऊ शकते, हे शिकवताना सहसा राहून जातं.

मिथाइल कुठे आहे ते शोधायला डीएनएवर बायसल्फाइट हे रसायन वापरतात. त्याने मिथाइल नसलेल्या सायटोसिनचं युरॅसिल होतं, मिथाइलवालं सायटोसिन तसंच राहतं. नमुना युरॅसिलने खच्चून भरतो. आता बऱ्याच क्यूपीसीआर (डीएनए वाढताना मोजणारी पीसीआर) मास्टर मिक्समध्ये, म्हणजे तयार मिश्रणांत, जुन्या पीसीआरचा संसर्ग मारायला यूएनजी हे एन्झाइम घातलेलं असतं. त्याचा धंदाच युरॅसिल उचकटण्याचा. बेस गेलेल्या जागा ९५ अंशांना तुटतात आणि आलेख सपाट येतो. ५० अंशांची २ मिनिटांची पायरी गाळून सुटका होत नाही. ट्यूब भरतानाच एन्झाइम कामाला लागलेलं असतं. मिक्सच बदला.

प्रूफरीडिंगवाला, म्हणजे स्वतःच्या चुका तपासणारा, पीएफयू पॉलिमरेज (डीएनएची नक्कल करणारा एन्झाइम) घ्याल तर तोही अडेल. आर्किया या सूक्ष्मजीवांतले हे पॉलिमरेज साच्यातलं युरॅसिल चार बेस आधीच ओळखून थबकतात. साधा हॉट-स्टार्ट (तापल्यावरच सुरू होणारा) टॅक पॉलिमरेज घ्या, किंवा युरॅसिल चालतं असं स्पष्ट लिहिलेला एन्झाइम. ‘आमच्याकडे हेच मिक्स चालतं’ म्हणणाऱ्या सीनियरला एकच विचारा: बायसल्फाइटने कन्व्हर्ट केलेल्या डीएनएवर चालवलंय का?

प्राइमर २६ ते ३० बेसचे, त्यांत सीपीजी (‘सी’नंतर लगेच ‘जी’) नको. तुकडा १५० ते ३०० बेसजोड्यांचा ठेवा, कारण बायसल्फाइट डीएनएच्या चिंध्या करतं. जेलवर कन्व्हर्ट केलेला नमुना दिसला नाही तर घाबरू नका. तो एकेरी धागा आहे, रंग नीट धरत नाही. डीएनए मोजणाऱ्या नॅनोड्रॉप यंत्रावरही आरएनएचं सेटिंग लावा.

कंट्रोल मात्र गाळू नका. मिथाइल नसलेला लॅम्डा विषाणूचा डीएनए सोबत चालवा. त्यात ९९ टक्क्यांहून कमी सायटोसिन बदलले असतील तर ती बॅच टाकून द्या, हळहळत बसू नका. पूर्ण मिथाइलेटेड कंट्रोल एम.एसएसएसआय या मिथाइल चढवणाऱ्या एन्झाइमने घरीच बनतो, फक्त सॅम (मिथाइल पुरवणारं रसायन) ताजं हवं. ३७ अंशांना ते विघटित होतं, म्हणून लांबलेल्या रिॲक्शनमध्ये मध्येच पुन्हा घाला.

आणि उरलेला प्रत्येक ‘सी’ म्हणजे ५एमसी (मिथाइलवालं सायटोसिन), असं लिहून मोकळे होऊ नका. ५एचएमसी (हायड्रॉक्सीमिथाइलवालं सायटोसिन) सुद्धा बायसल्फाइटला तसाच दाद देत नाही.