सी ड्राइव्ह भरली, पण फोल्डरांची बेरीज जुळेना

परभणीत घरच्या कॉम्प्युटरवर सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली. सगळे फोल्डर निवडून प्रॉपर्टीज पाहिल्या, तर बेरीज वापरलेल्या जागेपेक्षा 38 जीबीने कमी. लपवलेल्या, परवानगी नसलेल्या फाइल त्या बेरजेत धरल्या जात नाहीत. खरी जागा खाल्ली होती रिस्टोर पॉइंटनी, म्हणजे बिघाड झाल्यास सिस्टीम मागच्या स्थितीत नेण्यासाठी विंडोजने साठवलेल्या नोंदींनी. सिस्टीम प्रोटेक्शनमध्ये कॉन्फिगर उघडून मर्यादा 5 टक्क्यांवर आणली. जुने पॉइंट गेले, बरीच जागा सुटली.

जागा घेणारी आणखी एक लपलेली फाइल हायबरनेशनची: कॉम्प्युटर बंद होताना उघडं काम डिस्कवर जपून ठेवणारी. ती साधारण रॅमच्या 40 टक्के, म्हणजे 8 जीबीला 3.2 जीबी. लॅपटॉपवर ती राहू द्या. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, बॅटरी संपत आली तरी उघडं काम वाचतं.

500 जीबीची डिस्क 465 दिसते, त्यात बिघाड काही नाही: कंपनी 1000ने मोजते, विंडोज 1024ने.