मरळीच्या पोटातून नदीची तपासणी

मासा चिरल्यावर कृमी दिसले की नदी घाण, असा हिशेब मांडू नका. बऱ्याचदा तो उलटा असतो. मरळीच्या आतड्यात सापडणारा पॅलिसेंटिस हा काटेरी सोंडेचा कृमी तिथे येतो सायक्लॉप्सच्या, म्हणजे पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवाच्या, वाटेने. पूर्वी नारू पसरायचा तो याच कुळातल्या जिवांतून. माशाच्या आत राहणाऱ्या पर्णकृमींना (चपट्या कृमींचा एक गट) तर आधी गोगलगाय लागते. पाण्यातला प्राणवायू घटला किंवा शेतातले कीटकनाशक उतरले की मधला यजमान, म्हणजे कृमी माशात येण्याआधी ज्याच्या अंगात वाढतो तो जीव, आधी मरतो आणि कृमीची साखळी तुटते. याउलट त्वचेवरचा ट्रायकोडिना हा एकपेशी जीव आणि कल्ल्यांना आकड्यांनी चिकटणारे एकयजमानी कृमी (मधला यजमान न लागणारे) थेट माशावरून माशावर जातात. ट्रायकोडिना जिवाणूंवर जगतो, म्हणून सांडपाणी मिसळले की तो माजतो. या दोन गटांची मोजणी कायम वेगवेगळी ठेवा. सगळी अक्कल यातच आहे.

मरळ घाण पाण्यातही तगते, त्यामुळे घाण मिसळते त्या जागेच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही ठिकाणी मिळते. रोहू-मृगळ टाळा, ते बहुधा बाहेरून आणून सोडलेले बीज असते आणि परजीवी तळ्यातूनच घेऊन आलेले असू शकतात.

ठिकाणे निवडताना वाहते पाणी वाहत्या पाण्याशीच जोडा. मलप्रभेवर खानापूर शहराच्या वर जांबोटीच्या बाजूचा एक टप्पा आणि शहराखालचा एक, ही जोडी चालेल. मार्कंडेयावर मात्र राकसकोप जलाशयातला मासा आणि कंग्राळीजवळचा मासा शेजारी ठेवू नका. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स मुळातच जास्त असतात. तो फरक प्रदूषणाचा नव्हे, बांधाचा. वेदगंगा-दूधगंगेवर साखर कारखान्यांचे गाळप सुरू होण्याआधी एकदा आणि ते भरात असताना एकदा, दोन्ही वेळी वरच्या आणि खालच्या ठिकाणचे मासे घ्या. हंगामाने परजीवींची संख्या बदलते, म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही ठिकाणचे मासे एकाच आठवड्यातले हवेत.

प्रत्येक ठिकाणाहून किमान 30 मासे, लांबीने जवळपास सारखे. मोठ्या माशाने जास्त दिवस खाल्लेले असते, त्यामुळे त्याच्यात कृमीही जास्त. जाळे टाकणाऱ्यांकडून काठावरच, जिवंत विकत घ्या. बाजारातला धुतलेला, बर्फातला मासा या कामाला निरुपयोगी: कुठल्या पाण्यातला ते कळत नाही आणि त्वचेवरचे परजीवी गळून गेलेले असतात. प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत, त्याच नदीच्या पाण्यात न्या. एकाच बादलीत टाकलात तर एकाचे परजीवी दुसऱ्यावर.

आधी पाठीवरचा चिकट थर बोथट सुरीने हलके खरवडून काचपट्टीवर नदीच्याच पाण्याच्या थेंबात घ्या आणि 100 पट मोठा करून पाहा. ट्रायकोडिना गरगर फिरणाऱ्या बशीसारखा, मधे दातेरी कडे असलेला दिसतो. मासा मेल्यावर तो फार टिकत नाही, म्हणून हे काम पहिले. दहा दृश्यक्षेत्रे मोजून सरासरी लिहा.

मग कल्ल्यांच्या आठही कमानी सुट्या करून बशीत पाण्यात ठेवा. कल्ल्यांच्या पिसांसारख्या तंतूंच्या फटीत जळूसारखा लांबतो-आखडतो तो एकयजमानी कृमी. कल्ले वाळू देऊ नका. कृमी आक्रसला की चिकट स्रावापासून ओळखता येत नाही.

आतडे मात्र 0.7 टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरला 7 ग्रॅम, उभे चिरा. काटेरी सोंडेचा कृमी भिंतीत रुतलेला असतो. चिमट्याने ओढलात तर सोंड आत तुटून राहते, आणि जात तर सोंडेवरच्या काट्यांवरूनच ठरते. भिंतीचा तुकडाच कापून घ्या, मऊ कुंचल्याने कृमी सोडवा, साध्या गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सोंड आपोआप पूर्ण बाहेर येते. मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाका.

शिसे-कॅडमियम तपासायचे असेल तर हेच कृमी हुकमी. त्यांना आतडे नसते, ते सगळे अंगानेच शोषतात. युरोपातल्या नद्यांत त्यांच्या अंगात माशाच्या मांसापेक्षा शेकडो-हजारो पट शिसे आढळले आहे. अशा नमुन्यांना फॉर्मालिन-अल्कोहोल लावू नका, आम्लाने धुतलेल्या कुपीत गोठवा.

समजा 30 पैकी 12 मरळींत मिळून 60 कृमी निघाले. प्रादुर्भाव 40 टक्के, बाधित माशामागे सरासरी 5, एकूण माशांमागे 2. तिन्ही आकडे लिहा. एकाच माशात 40 कृमी निघाले तर नुसती सरासरी फसवते. मग परजीवींच्या जाती मोजा: थेट पसरणाऱ्या किती, मधला यजमान लागणाऱ्या किती. खालच्या टप्प्यात पहिल्या वाढून दुसऱ्या घटल्या असतील, तर पाणी बिघडल्याची ती खूण.

दोन्ही गट जवळपास शून्यावर आले तर नदी स्वच्छ झाली म्हणू नका. तीव्र विषारी पाण्यात ट्रायकोडिनाही मरतो. अशा वेळी त्याच दिवशी घेतलेला विरघळलेला प्राणवायू आणि बीओडी (घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचे माप) बघा. आंघोळीच्या पाण्यासाठी प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी 3 च्या आत लागतो.

हातमोजे घाला. कापलेली आतडी नदीत परत टाकू नका, चुना घालून पुरा; नाहीतर पुढच्या मोजणीचे कृमी तुम्हीच पेरलेले असतील.