जखमेवर मलम लावताय? या चुका टाळा

विळीवर बोट कापलं किंवा गुडघा खरचटला की घरात आधी ट्यूबची शोधाशोध सुरू होते. खरं काम त्याआधीचं आहे: नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम पाच मिनिटं धुणं. खडीचा एखादा कण आत राहिला तर वरून कितीही मलम चोपडा, जखम चिघळणारच. साबण लावायचा तो भोवतालच्या कातडीला. डेटॉल पाणी न मिसळता ओतू नका. झोंबतं म्हणजे जंतू मरतात असं नाही, नव्याने भरून येणारी कातडीही त्यात जळते. हळद, चहापूड, टूथपेस्ट तर नकोच.

पेराएवढ्या जखमेला मुगाच्या दाण्याएवढं मलम पुरतं. पसरल्यावर जागा नुसती चकाकली पाहिजे. जाड थर देऊन वर पट्टी घट्ट चिकटवली, की कडेची कातडी धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी पांढरी, सुरकुतलेली होते आणि जखम भरायला वेळ लागतो. ट्यूबचं तोंड जखमेला टेकवू नका. पट्टी रोज बदला, भिजली तर लगेच.

सगळ्यात महागात पडते ती भलतीच ट्यूब. खाजेसाठी, गजकर्णासाठी आणलेल्या बऱ्याच मलमांत अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. ते सूज दाबतं, म्हणून दोन दिवस लाली उतरते, बरं वाटतं. पण जखम भरणं मंदावतं आणि आतला संसर्ग झाकला जातो. ट्यूबमागचा बारीक मजकूर वाचाच. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ती ट्यूब जखमेसाठी नाही. लाल उभी रेघ असेल तर औषध चिठ्ठीवर घ्यायचं आहे, मग केमिस्टने न विचारता हातात ठेवलं तरीही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी भोवती लाली वाढली तर बहुतेक जण मलमही वाढवतात. इथे थांबा. खूप खाज, बारीक पाणीदार पुटकुळ्या आणि जिथवर मलम लागलं तिथवरच लाली, असं असेल तर बहुधा ती मलमाची ॲलर्जी. मलमांतलं निओमायसिन हे अँटिबायोटिक यासाठी कुप्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला २०१० सालचा ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. त्याची ॲलर्जी असलेल्यांना त्याच कुळातलं फ्रामायसेटिनही बाधू शकतं, त्यामुळे एक बदलून दुसरं लावण्यात अर्थ नाही. उलट ठणका, ऊब, पू, वर सरकणारी लाल रेघ किंवा ताप असेल तर तो संसर्ग. तिथे मलमाचं काम संपलं, डॉक्टरांकडे जा.

बरं, प्रत्येक ओरखड्याला अँटिबायोटिक लागतंच असंही नाही. १९९६ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात छोट्या शस्त्रक्रियांच्या जखमांवर साधं व्हॅसलिन आणि बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक मलम यांची तुलना झाली होती, संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. स्वच्छ जखमेला ओलावा मिळाला की बहुतेक वेळा पुरतं. अँटिबायोटिक वापरलंच तर सात दिवसांच्या पुढे नाही.

मधुमेह असलेल्यांनी पायाच्या जखमेवर घरी प्रयोग करू नयेत. गंजका खिळा लागला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील तर ते पुन्हा घ्यावं लागतं. कुत्रा चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, पट्टी बांधू नका आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.