शाळेजवळचा खर्रा बंद करायचा तर

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. खर्रामुक्तीची समिती म्हटलं की आधी बॅनर छापतात, मग प्रभातफेरी, मग शपथ. मधल्या सुट्टीत त्याच पोट्ट्यांचे गाल फुगलेले. गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात मी बरीच वर्षं शिकवलं. शपथेनं सुटलेला खर्रा काही पाहिला नाही. म्हणून हात आधी विक्रीला घाला.

समितीत पाच-सात माणसं पुरे. पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशाताई, बचत गटातल्या दोघी आणि व्हॉलीबॉलवाल्या पोरांपैकी एक. तो हवाच. कोणता पानठेला सातवीच्या पोराला उधारीवर खर्र्याची पन्नी देतो, हे त्याला तोंडपाठ असतं, आपल्याला कोणी सांगत नाही. ठेलेवाल्यांनाही पहिल्या बैठकीला बोलवा. त्यांच्याशी न बोलता थेट पोलीस आणले, की अर्धं गाव त्यांच्या बाजूनं उभं राहतं. सरपंचांना मान द्या, अध्यक्षपद देऊ नका. निवडणूक आली की प्रत्येक ठेल्यामागे मतं दिसू लागतात.

मग टेप आणा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे, म्हणजे साधारण ९१ मीटर. मोजायचं कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत. ठेलेवाला हमखास फाटकापासून, रस्त्याच्या वळणावळणानं मोजून दाखवतो. ऐकून घ्या, टेप आपलीच धरा. अंतर वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

या कायद्यातला दंड २०० रुपयांपर्यंत. त्याला कोण भितो? बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ मात्र बैठकीत मोठ्यानं वाचा: अल्पवयीन मुलाला दारू किंवा तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. बैठक एकदम गप्प होते. सुगंधी तंबाखूवर तर राज्यात बंदीच आहे, आणि खर्रा घोटतात त्याच तंबाखूत. ठेलेवाला ऐकतच नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. फोनवरच्या तक्रारीचं पुढे काय झालं, ते कळत नाही.

पोरांना कर्करोगाचे फोटो दाखवत बसू नका, ते हसतात. तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घालायला सांगा. सुपारीनं गालाची आतली कातडी आखडते, तोंड उघडेनासं होतं. एखाद्याची दोनच बोटं जातात आणि वर्गातलं हसू थांबतं. तिथे काही बोलू नका. त्याचं नाव बैठकीतही घ्यायचं नाही. आशाताईनं संध्याकाळी घरी जावं, आईला विश्वासात घ्यावं, पोराला ग्रामीण रुग्णालयात दाखवावं. सोडायची इच्छा असलेल्याला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक द्या. बाप स्वतः खर्रा खात असेल, तर तोच क्रमांक त्यालाही.